तान्ह्या बाळाची झोळी आणि तिचा विसरलेला इतिहास

महाराष्ट्रात सर्वाधिक लोकांनी पाहिलेली झोळी बहुधा झाशीच्या राणीच्या पाठीवरची असेल. चौकातले पुतळे, शाळेच्या भिंतीवरची चित्रं, कॅलेंडरं, स्नेहसंमेलनातल्या वेशभूषा स्पर्धा, सगळीकडे दृश्य एकच. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी शेल्यात बांधलेलं तान्हं मूल. इतिहासाच्या तारखा मात्र या चित्राशी जुळत नाहीत. राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव यांचा जन्म १८४९चा. एप्रिल १८५८मध्ये झाशी इंग्रजांच्या हाती गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे ते इंदूरला राहिले आणि १९०६ साली वारले. राणीने मूल पाठीशी बांधलं होतं असं धरलं, तरी ते तान्हं नव्हतं. शिल्पकारांनी त्याचं वय कमी केलं. दूधपितं मूल पाठीवर असलं की आई अधिक शूर दिसते, हे त्यांना ठाऊक होतं.

मला या चित्रातली वेगळीच गोष्ट खटकते. पुतळ्याला आपण हार घालतो. त्याच चौकात रस्त्याच्या कामावर खडी टाकणारी बाई मूल बांधून उभी असते. तिच्या झोळीकडे पाहून आपल्याला दया येते, नाही तर आपण मान वळवतो. कापड तेच, गाठही बहुधा तीच.

हा विषय माझ्याकडे आला तो भाचीमुळे. ती पुण्यात बँकेत नोकरी करते. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मुलगी अठरा दिवसांची. फोनवर म्हणाली, “मामू, बाळाला अंगाशी बांधायची स्लिंग घ्यायची आहे. पाचशेपासून बारा हजारांपर्यंत आहेत. वापरायला सोपी कुठली तेच कळत नाही. तुम्ही सगळ्या गोष्टींचा इतिहास काढत बसता, याचाही काढा.” मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, “आपल्यात कोण पोर असं बांधून हिंडतं? ऊसतोडीवाल्या बाया बांधतात.”

सासूबाई मनाने वाईट नाहीत. शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास त्यांच्या तोंडून एका वाक्यात बाहेर पडला, इतकंच. आधी तो पाहू, मग भाचीला उत्तर देतो. एकाशिवाय दुसरं नीट देता येत नाही.

झोळीचा इतिहास लिहिणं तसं अवघड. कापड कुजतं, त्यामुळे उत्खननात भांडी सापडतात, झोळ्या सापडत नाहीत. शिवाय ज्यांनी तवारिखा आणि बखरी लिहिल्या, आणि ज्यांच्याविषयी लिहिल्या, त्यांच्या घरात मुलं सांभाळायला दाया होत्या. अकबराचंच उदाहरण घ्या. १५४२ साली उमरकोटला त्याचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी हुमायूनला भावांपासून जीव वाचवत इराणकडे पळावं लागलं. हमीदा बानो नवऱ्यासोबत निघाली आणि वर्षभराचा अकबर छावणीत मागे राहिला. तिथून त्याचा काका अस्करी त्याला कंदाहारला घेऊन गेला. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने ‘हुमायूननामा’त हा प्रसंग लिहून ठेवला आहे. मूल मागे ठेवता आलं, कारण त्याला सांभाळायला अनगा म्हणजे दूधआया होत्या. माहम अनगा आणि जीजी अनगा ही नावं इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचयाची आहेत. राजघराण्यातल्या बाईला हात मोकळे ठेवून काही काम करायचं नव्हतं. म्हणून तिला झोळीही लागली नाही आणि दरबारी इतिहासातही ती आली नाही.

ज्यांना काम करायचं होतं, त्या बायकांनी जगभर आपापलं कापड आणि आपापली गाठ शोधली. मेक्सिकोत रेबोझो नावाची लांब शाल आहे. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांत मांटा, पूर्व आफ्रिकेत कांगा, पश्चिम आफ्रिकेत पान्य, कोरियात पोदेगी. आर्क्टिकच्या बर्फातल्या इनुइट बायकांच्या चामडी कोटालाच मागे बाळासाठी ऐसपैस जागा असते, त्याला अमाउती म्हणतात. जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या इंडोनेशियात आहे. तिथे जावा बेटावरच्या बायका बाटिकच्या जारिकमध्ये मूल कमरेच्या बाजूला घेतात आणि कापड विरुद्ध खांद्यावरून बांधतात. आपल्या देशात मिझो बायका पुआनमध्ये पाठीवर मूल बांधतात, झारखंडात त्याच कामाच्या कापडाला बेतरा म्हणतात.

मराठीत याबाबत शब्दांची कमी नाही. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळी, झोळी, झोका. यातला ‘कडेवर’ आपल्याला सर्वांत जवळचा. पण कडेवर मूल घेतलं की एक हात अडकतो. पाण्याचा हंडा, भाकरीचा तवा, शेजारणीशी गप्पा, ही कामं एका हाताने निभतात. ऊस तोडणं, वीट थापणं, भात लावणं निभत नाही. तिथे मग मूल पाठीशी बांधलं जातं, किंवा बाभळीच्या फांदीला लुगडं बांधून त्याची झोळी होते. ही दुसरी झोळी अंगावर नसते, पण नजरेच्या टप्प्यात असते. दोन्ही प्रकारांत आईचे दोन्ही हात मोकळे राहतात.

आता सासूबाईंची लाज. तिचा एक धागा विलायतेत निघतो. १७३३च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुविशारदाने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी बनवली, शेळीने किंवा शिंगराने ओढायची. एकोणिसाव्या शतकात तीच कल्पना मागून ढकलायच्या बाबागाडीच्या रूपात इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत पोचली. राणी व्हिक्टोरियाने घेतली म्हटल्यावर तिचा मान वाढला. १८८९ साली अमेरिकेतल्या विल्यम रिचर्डसनने बाळाचं तोंड आईकडे फिरवता येईल अशा बाबागाडीचं पेटंट घेतलं. बाबागाडीला गुळगुळीत फरसबंदी लागते, ढकलायला आया लागते. गाडी असणं म्हणजे या दोन्ही गोष्टी असणं. वसाहतींमध्ये साहेबांच्या बंगल्यांत ती आली आणि शहाण्या घरातलं मूल गाडीत, गरिबाचं मूल फडक्यात, अशी वाटणी आपल्याही डोळ्यांत बसली.

डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांचं १८९४चं बालसंगोपनाचं पुस्तक अनेक दशकं अमेरिकी घरांत प्रमाण मानलं जात होतं. बाळाला झुलवू नये, त्याच्याशी फार खेळू नये, रडण्याने त्याच्या फुप्फुसांना व्यायाम होतो, असा त्यांचा सल्ला होता. १९२८मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर मुलांना कुशीत घेण्याचे, पापे घेण्याचे लाड बंद करा असं बजावलं. आपल्याकडच्या शिकलेल्या घरांतही ‘उचलून घेतलं की सवय लागते’ हे वाक्य आजीच्या शहाणपणासारखं सांगितलं जातं. बहुतेक आज्यांनी ते स्वतः कधी पाळलं नव्हतं.

पण झोळीच्या इतिहासातलं सर्वांत काळं पान मुंबईत आहे. गिरणगावातल्या बायका दिवसभर कामावर असत. मूल सोबत नेता येत नसे. यंत्रांच्या पट्ट्यांमध्ये, रुईच्या धुळीत ते नेणार तरी कुठे? १९२२च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सांगितलं. त्यांच्या पाहणीतला एक आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. अशा बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. तिला ‘बाळागोळी’ असं लाडिक नाव होतं. आई पाळीवरून परत येईपर्यंत मूल गुंगीत पडून राही. भूकही मरत असे, वाढही खुंटत असे. हे त्या आयांना कळत नव्हतं असं समजणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. शेतात त्यांच्या आयांनी मूल पाठीला बांधलं होतं किंवा झाडाला झोळी टांगली होती. गिरणीने ती सोय काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिलं नाही. ती जागा अफूने भरली.

१९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. त्याआधी १९२८मध्ये कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. माझ्या भाचीला या कायद्याचा फायदा मिळतो आहे. ज्यांचं नाव तिच्या सासूबाईंनी घेतलं, त्या ऊसतोड बायकांपर्यंत तो पोचत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल मुकादमाकडून घेतलेली असते, फड आज इथे तर चार दिवसांनी दुसऱ्या गावात. हजेरीपटच नाही, तर पाळणाघर कुणी आणि कुठे काढायचं? म्हणून बैलगाडीच्या दांडीला झोळी आजही टांगलेली दिसते.

आमच्या मालेगावात यंत्रमाग घराघरांत होते. दादी घरी बसून कांड्या भरायची. माझे वडील तान्हे असताना ती त्यांना जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने पाठीशी बांधायची आणि चरखा फिरवायची. अफूची गोष्ट मी तिला एकदा विचारली होती. म्हणाली, “खडखडाटात पोरं आपोआप झोपायची, अफीम कशाला लागतेय?” त्यावर ती हसलीही होती. पण आपल्या माहेरच्या एका बाईचं नाव घेऊन लगेच गप्प झाली, आणि पुढे मी विचारलं नाही.

आता गोष्ट पश्चिम आफ्रिकेत जाते, कारण आज दुकानात मिळणाऱ्या झोळ्यांपैकी एकीचा उगम तिथे आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅन मूर नावाची अमेरिकी परिचारिका पीस कोअरमधून टोगो देशात गेली. पाठीवर बांधलेली मुलं किती शांत असतात, हे तिने तिथल्या बाजारात पाहिलं. घरी परतल्यावर स्वतःची मुलगी झाली तेव्हा तिनेही शालीने बांधून पाहिलं, पण मूल सारखं घसरायचं. टोगोतल्या मुलीला ही गाठ लहानपणी धाकट्या भावंडांना बांधताना येते. मूरकडे ते शिकवणारं कुणी नव्हतं. मग तिने ओहायोतल्या आपल्या आईकडून, लूसी ऑकरमनकडून, पट्टे असलेली एक पिशवी शिवून घेतली. १९६९मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि ‘स्नग्ली’ नावाने ती अमेरिकाभर खपली. बक्कल असलेले आजचे कॅरिअर याच वंशातले.

मला वाटतं, ‘वापरायला सोपी’ या शब्दांचा अर्थ इथे कळतो. दादीची गाठ दादीला सोपी होती, कारण तिने दहाव्या वर्षी बहिणीला तशीच बांधलेली होती. शिकवणारं माणूस घरातून गेलं की त्याच्या जागी बक्कल येतं. त्यात वाईट काही नाही. फक्त बाराशे रुपयांची झोळी आणि बारा हजारांची झोळी यांतला फरक अनेकदा कापडाचा नसून या शिकवणीच्या किमतीचा असतो, हे पैसे मोजताना लक्षात असावं.

जर्मनीत १९७२ साली एरिका हॉफमन नावाच्या जुळ्यांच्या आईने दुसरी वाट धरली. दक्षिण अमेरिकी शालीचा नमुना पुढे ठेवून तिने लांब विणलेलं कापडच विकायला काढलं. तिच्या व्यवसायाचं नाव ‘डिडिमोस’, ग्रीक भाषेत जुळं. मागावर वाढलेल्या माणसाला यातली खुबी चटकन कळते. साध्या विणीचं कापड उभं-आडवं ताणलं तर हलत नाही. ट्विल विणीचं कापड तिरकं थोडं ताणलं जातं आणि सोडलं की जागेवर येतं. त्यामुळे ते बाळाच्या पाठीला गोलसर धरून ठेवतं, पण सैल पडत नाही. नायलॉनची किंवा जॉर्जेटची ओढणी नेमकी याच्या उलट वागते. गाठ सरकते, वजन खाली येतं. घरातल्या सुळसुळीत ओढणीने तान्हं मूल बांधण्याचा प्रयोग कुणी करू नये.

तिसरी वाट १९८१ साली हवाई बेटांवर निघाली. रेनर गार्नर नावाच्या माणसाने कापडाच्या एका टोकाला दोन कड्या शिवल्या आणि दुसरं टोक त्यातून ओढून घेतलं. गाठीचं काम कड्यांनी केलं. पुढे डॉ. विल्यम सीअर्स या बालरोगतज्ज्ञांनी ते हक्क घेतले आणि त्यांच्या पुस्तकांतून ही झोळी अमेरिकी मध्यमवर्गात पोचली. ज्या देशात होल्टसाहेबांनी मूल उचलू नका म्हटलं होतं, तिथेच नव्वद वर्षांनी डॉक्टर मूल अंगावर घेऊन हिंडा म्हणू लागले.

दरम्यान पुरावेही जमत होते, आणि त्यातला सर्वांत मोठा पुरावा गरिबीतून आला. कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे, एकेकात दोन-तीन बाळं, जंतुसंसर्गाने मृत्यू होत. १९७८-७९मध्ये डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी कापडाने बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू पद्धत’. २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापून आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. जन्मतः १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. निरोगी बाळांबद्दल कॅनडात १९८६मध्ये हुन्झिकर आणि बार यांनी प्रयोग केला होता. रोज जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. दादीला हे आकडे सांगितले असते तर तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं याची मला कल्पना आहे.

एवढं चांगलं असताना धोका कुठे आहे? धोका घाईने बनवलेल्या वस्तूंत आहे. मार्च २०१०मध्ये अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने इशारा दिला की, आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांच्या मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे आहे. त्यातली बारा चार महिन्यांच्या आतली. खोल पिशवीसारख्या झोळीत बाळ वाकडं होऊन तळाशी बसतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासनळी दुमडते. रडण्याइतकीही हवा नसते, त्यामुळे आवाज होत नाही. दुसरा धोका कापड नाका-तोंडावर येण्याचा. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. टांगलेल्या झोळीतही हेच लागू पडतं, म्हणून तीत बाळ एकटं सोडून जाऊ नये.

भाचीला मी जे सांगितलं ते असं. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी बाळ उभं, छातीला छाती लावून, तोंड तुझ्याकडे. तू मान खाली केलीस की त्याच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे, इतकं ते वर असावं. चेहरा सतत दिसावा. हनुवटी आणि छाती यांमध्ये एक-दोन बोटं मावावीत. पाठीला आधार इतका घट्ट हवा की तू वाकलीस तरी बाळ तुझ्यापासून सुटू नये. वाकताना मात्र हात लावायचाच. पाय बेडकासारखे, गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर. पाय सरळ खाली लोंबकळणारे अरुंद कॅरिअर बाजारात खूप दिसतात, ते या वयाला बरे नाहीत. बाळाचं तोंड बाहेर करून बसवायचं तर मान पूर्ण धरेपर्यंत मुळीच नाही. बाळ महिन्याआधी झालेलं असेल, वजन कमी असेल, सर्दी-खोकला असेल, तर आधी डॉक्टर.

आता सोपी कुठली? ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा पाच मीटरचा पट्टा सकाळी एकदा अंगाला बांधला की बाळ दिवसभर आत-बाहेर करता येतं. नवशिक्या आईला आणि बापालाही ही सर्वांत मऊ सुरुवात. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याचे तीन थर अंगावर सहन होत नाहीत. बक्कलवालं कॅरिअर पहिल्या दिवशी सोपं वाटतं. मात्र बहुतेकांची बैठक नवजात बाळाला रुंद पडते, किमान वजनाची अट असते, आणि त्याचा कमरपट्टा सिझेरियनच्या टाक्यांवर येतो. कड्यांची झोळी शिकायला तीन-चार दिवस लागतात, एका खांद्यावर वजन येतं, पण कापडाचा थर एकच, कमरेवर पट्टा नाही, आणि दूध पाजताना कडी जरा सैल केली की झालं. पाजून झाल्यावर बाळ पुन्हा वर घ्यायचं. टाके, उन्हाळा आणि अठरा दिवसांचं बाळ हे तिन्ही धरून मी तिला सुती कड्यांची झोळी घे म्हटलं. कड्या अखंड हव्यात, सांधा दिसला तर परत कर. शिवण बाहेरून दिसेल अशी, दोन-तीन ओळींची हवी.

तिचा नवरा लाजत होता. लोक काय म्हणतील? त्याला मी हदीसमधली गोष्ट सांगितली. प्रेषितांनी आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढली होती, सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा घेत. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत हे आहे. त्याने भाजी आणायला जाताना मुलीला बांधून नेलं. पायी नेलं, हे महत्त्वाचं. पुण्यात स्कूटरवर पुढे बाळ बांधून जाणारे आईबाप मी रोज पाहतो. झोळी म्हणजे हेल्मेट किंवा सीटबेल्ट नव्हे, अपघातात ती काहीही वाचवत नाही. तसंच गॅससमोर, तळणाच्या कढईपुढे बाळ अंगावर नको.

शिकण्याची पद्धत दादीच्या काळीही हीच असणार, फक्त तेव्हा समोर भावंड असायचं. आरशासमोर उभं राहायचं, बाळाच्या जागी तीन किलो तांदळाची पिशवी घ्यायची आणि खाली पलंग असू द्यायचा. भाचीने चार दिवस तसंच केलं. सासूबाई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात निघून गेल्या, तिसऱ्या दिवशी पिशवी धरायला आल्या. पाचव्या दिवशी तिने बाळ बांधलं आणि मला फोटो पाठवला. चेहरा दिसत होता, हनुवटी वर होती, पाय नीट होते. कड्या मात्र छातीपर्यंत खाली आल्या होत्या. पुढच्या वेळी खांद्याजवळून सुरुवात कर, असं मी लिहून पाठवलं.